घाम आलेला बर्फ

आमच्या कंपनीतून गेलेली मासळी वाटेत नासली, तर पहिली शिवी मला बसायची. सव्वीस वर्षं मी रत्नागिरीतल्या एका मच्छी कंपनीत डिस्पॅच सांभाळला. कोणता माल कशाने पाठवायचा, एवढंच माझं काम. गोठवलेली कोळंबी परदेशी जाणार असेल तर उणे अठराचा कंटेनर. ताजी सुरमई मुंबईला जाणार असेल तर थर्माकोलच्या पेटीत एक थर बर्फ, एक थर मासळी, आणि एप्रिल उजाडला की प्रत्येक पेटीला दोन फावडी बर्फ जास्त. हे मला कोणी शिकवलं नाही. चारदोन वेळा माल सडवून, मालकाची बोलणी खाऊन शिकलो. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. बर्फ कमी पडला म्हणून माल गेलेला मी शंभरदा पाहिला होता. बर्फ जास्त झाला म्हणून कोणाचं काही बिघडलेलं एकदाही पाहिलं नव्हतं.

हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणाने झालं नाही. मला जे सगळ्यात चांगलं येत होतं, त्यानेच झालं. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात. पण तो निदान एकटा बुडतो.

मे महिना होता. बायको घरी शिवणकाम करायची, आणि लग्नसराई असल्यामुळे ब्लाउजांचा ढीग पडला होता. एका सकाळी ती मशीनवर बसली आणि म्हणाली, "पाय मेला पायडलवर चालतच नाय."

मी म्हणालो, "दिवसभर शिवतेस, दुसरं काय होणार?" आणि कामावर गेलो. दुपारी शेजारणीचा फोन आला. बायको न्हाणीघरातून येताना उंबऱ्यावर बसली होती आणि तिला उठता येत नव्हतं. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गेले होते. दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पोटाचा. पंधरा दिवसांपूर्वी पोट बिघडलं होतं का? होतं. एका लग्नात जेवून आल्यावर तीन दिवस बिघडलं होतं. त्याचा आणि पायांचा संबंध काय, हे मला तेव्हा कळेना.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. पोटातल्या जंतूंशी लढायला शरीर जे सैन्य उभं करतं, ते कधीकधी चुकून स्वतःच्याच नसांवर उलटतं. शक्ती पायांकडून जायला लागते आणि वर वर सरकत छातीपर्यंत येते. छातीपर्यंत आली की श्वास थांबतो. त्याच्या आत एक इंजेक्शन सुरू करायचं, पाच दिवस शिरेतून सोडायचं. लवकर दिलं तर माणूस बहुतेक सावरतो.

"कोल्हापूरला नेऊ का? मुंबईला?" मी विचारलं.

"वाटेत घाटात श्वास थांबला तर काय करणार? इथे श्वासाचं यंत्र आहे, मी आहे. तुम्ही औषध इथे आणा," ते म्हणाले.

मग त्यांनी बायकोला एक खोल श्वास घ्यायला लावला आणि त्या एका श्वासात जमेल तेवढे आकडे मोजायला सांगितले. ती अठ्ठावीसपर्यंत मोजून थांबली आणि माझ्याकडे बघून हसली, जणू शाळेत पाढे म्हणून दाखवले. डॉक्टर म्हणाले, हा आकडा दर चार तासांनी घ्यायचा. दहाच्या खाली आला की यंत्र लावावं लागेल.

औषध रत्नागिरीत नव्हतं. कोल्हापूरच्या विक्रेत्याकडचा साठा संपला होता. मुंबईतल्या एका घाऊक विक्रेत्याकडे पुरेशा बाटल्या निघाल्या. दवाखान्याच्या औषध दुकानात एक मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची, लांज्याकडची. तिने मला कागदावर लिहून दिलं: दोन ते आठ अंश. आणि तोंडाने म्हणाली, "काका, ऊन लागता नये, आणि गोठताही नये."

मी ऐकलं. म्हणजे कानांनी ऐकलं. दोन ते आठ हा माझ्या दृष्टीने पोरखेळ होता. मी उणे अठरावर माल सातासमुद्रापार पाठवणारा माणूस! "ते माझ्यावर सोड," मी तिला म्हणालो. त्या दिवसांतलं मला आठवणारं हे माझं शेवटचं आत्मविश्वासाचं वाक्य.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी मार्ग तपासायला लागलो. खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात मला बरं वाटलं. भीती होती, पण हाताला नेहमीचं काम मिळालं होतं. विक्रेत्याची स्वतःची औषधाची गाडी होती, ती चार दिवसांनी पोचणार होती. तोवर थांबायला माझ्याकडे आकडे नव्हते. आराम बसच्या पोटात टाकावं, तर मे महिन्यात तिथे आंब्याच्या पेट्या कोंबलेल्या आणि खालून इंजिनाची धग. भाड्याची गाडी करावी, तर महामार्गाचं काम चाललेलं, कुठे दोन तास अडकेल याचा नेम नाही. कंपनीची वातानुकूलित गाडी मुंबईहून रिकामी परत येणार होती, पण तिचा चालक वाटेत खेडला घरी थांबल्याशिवाय राहत नाही, हे मला ठाऊक होतं. उरली रेल्वे. पहाटे मुंबईहून सुटणारी, अकराच्या सुमारास रत्नागिरीला पोचणारी. चाकरमान्यांनी गच्च भरलेली असली तरी माणसाच्या हातात पेटी राहील. बायकोचा धाकटा भाऊ मुंबईत भाऊच्या धक्क्यावर मासळीचा धंदा करतो. त्याने औषध घ्यायचं आणि सकाळच्या गाडीने यायचं. मार्ग बिनचूक निवडला होता. आजही मी दुसरा निवडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा बावीस होता. दुपारी मेव्हण्याने विक्रेत्याकडून पेटी ताब्यात घेतली. तीनच्या सुमारास त्याचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"भावजी, बर्फाच्या पिशव्यांना घाम आलाय वो. हलवल्यावर आत पाणी वाजतंय. ह्या लोकांनी अर्धा वितळलेला बर्फ भरलाय. आणि बाटल्या आणि बर्फ यांच्यामध्ये पुठ्ठा घातलाय. थंडी लागणार कशी?"

मासळीच्या धंद्यात घाम आलेला बर्फ म्हणजे मेलेला बर्फ. तो भरून पेटी पाठवणाऱ्याला मी कामावरून काढलं असतं. मला त्या औषधवाल्यांचा असा संताप आला की पायऱ्यांवरच उभा राहून मी ओरडायला लागलो. "चोर आहेत ते! बर्फात पण काटकसर करतात! सगळं फेकून दे. आपल्या कोल्ड स्टोरेजला जा, माझं नाव सांग, उणे वीसच्या खोलीतल्या जेलच्या पिशव्या घे. तो पुठ्ठा काढून टाक. बाटल्यांना चारी बाजूंनी लाव, खाली एक आणि वर एक. झाकण चिकटपट्टीने बंद कर आणि इथे येईपर्यंत उघडू नकोस."

"जास्त होणार नाय ना?" त्याने विचारलं.

"थंडी कधी जास्त होत नाही रे," मी म्हणालो.

त्याने विचारलं होतं. हे मी विसरू शकत नाही. धक्क्यावर जन्म काढलेला तो माणूस, त्याच्याही मनात क्षणभर शंका आली होती, आणि मी ती माझ्या सव्वीस वर्षांच्या वजनाने दाबून टाकली. मी फोन ठेवला आणि बायकोला जाऊन सांगितलं, "उद्या अकराला औषध इथे." तोवर तिचे हातही जड झाले होते. पाण्याचा पेला मी तिच्या ओठांना लावला. संध्याकाळी आकडा सतरा.

तिसऱ्या दिवशी गाडी वेळेवर आली. मेव्हणा स्टेशनवरून रिक्षाने थेट दवाखान्यात आला, पेटी छातीशी धरून. दोघांचेही डोळे भरले होते. मी पेटीला हात लावला, बाहेरूनसुद्धा गार लागली आणि मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, अभिमानच वाटला. असा माल भरावा तर आम्हीच.

त्या मुलीने पेटी उघडली. आत विक्रेत्याने ठेवलेलं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र होतं. त्याचा दिवा लाल लुकलुकत होता. तिने ते संगणकाला जोडलं आणि पडद्यावर रेषा आली. असल्या रेषा मी आयुष्यभर वाचल्या. वर गेलेली रेषा मी खोलीच्या दारातून ओळखतो. ही वर गेली नव्हती. दुपारी चारनंतर ती खाली उतरली होती, शून्याच्या खाली, उणे पाचपर्यंत, आणि तिथेच कितीतरी तास पडून राहिली होती. पहाटे कधीतरी हळूहळू वर आली होती.

"काका, हे गोठलं होतं," ती म्हणाली. "गोठून परत वितळलंय."

मी एक बाटली उचलून उजेडासमोर धरली. "बघ तरी! पाण्यासारखं स्वच्छ आहे. कुठे काय गोठलंय?"

"दिसत नाही ते. आतलं प्रथिन मोडतं. हे देता येत नाही."

"तू मला थंडी शिकवतेस?" मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. तुझं शिक्षण किती, तुझा अनुभव किती, माझ्या बायकोचा जीव गेला तर तुला कोर्टात उभी करीन. पण त्या पोरीने बाटल्यांवरचा हात काढला नाही. तिने पुठ्ठा कुठे गेला विचारलं. पिशव्या कुठल्या विचारलं. मेव्हणा माझ्याकडे बघत राहिला आणि मी सांगितलं. तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "घाम येईपर्यंत बाहेर ठेवूनच भरतात हो त्या. मुद्दाम. घाम आला म्हणजे बर्फ शून्यावर आला, आता बाटली गोठवणार नाही. पुठ्ठाही त्यासाठीच."

डॉक्टर आले, त्यांनी रेषा पाहिली आणि मान हलवली. मी त्यांचे पाय धरले. अक्षरशः धरले. म्हणालो, निम्मं तरी काम करेल, पाव तरी करेल, द्या. ते म्हणाले, "बिघडलेलं औषध शिरेत गेलं तर आज आहे तो श्वासही जाईल. मी देणार नाही."

एकदा वेंगुर्ल्याकडून आलेली कोळंबीची गाडी मी कंपनीच्या दारातून परत लावली होती. चालक रडकुंडीला येऊन सांगत होता, साहेब, डोळ्यांनी बघा, माल ताजा आहे. मी त्याला म्हणालो होतो, डोळ्यांवर माल जात नाही, नोंदीवर जातो. किती ऐटीत म्हणालो होतो!

मेव्हण्याने मला बाहेर नेलं. "भावजी, ताईला सांगू नका. विचारलंन तर माझ्यावर घाला." मी कोणावरच घातलं नाही. आत गेलो तेव्हा बायको दाराकडेच बघत होती. "आलं?" तिने विचारलं. त्या एका शब्दाला तिला दम लागला.

"गाडी लेट आहे," मी म्हणालो. "दरड आलीय रुळावर." मे महिन्यात दरड! पाऊस नाही, पाणी नाही. तिने मान डोलावली आणि डोळे मिटले. तिला खरं वाटलं, कारण मी तिच्याशी असल्या बाबतीत कधी खोटं बोललो नव्हतो. आकडा अकरा.

दिवसभर आम्ही फोन केले. पुणे नाही, सांगली नाही, बेळगाव नाही. मुंबईतल्या त्याच विक्रेत्याकडे आता एकही बाटली नव्हती. होत्या तेवढ्या त्याने आम्हालाच दिल्या होत्या. संध्याकाळी गोव्याहून होकार आला, मडगावच्या एका औषधवाल्याकडून. तेव्हा मी त्या औषध दुकानातल्या मुलीसमोर जाऊन उभा राहिलो. सकाळी जिला वाटेल ते बोललो होतो, तिला विचारलं, "कशाने आणू? तू सांग." सव्वीस वर्षांत हा प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता, लोक मला विचारायचे.

तिने मागचं काही काढलं नाही. "स्वतः जा. ट्रेनने या, एसीच्या डब्यातून. पेटी मांडीवर घ्या. उघडू नका. काहीही झालं तरी उघडू नका."

सकाळच्या गाडीने गेलो. मडगावला पेटी भरताना माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी पिशव्या बाहेर काढून ठेवल्या आणि घाम यायची वाट बघत बसले. तो अर्धा तास मी कसा काढला, माझं मला माहीत. एकेका थेंबाबरोबर माल मरतोय असंच माझं अंग सांगत होतं. परतीच्या गाडीत पेटी मांडीवर होती. झाकणाच्या फटीतून गारवा येऊन पेटीच्या कडेला दव धरलं होतं, आणि तो ओलेपणा पँटला लागत होता. सावंतवाडीला फलाटावर एका कोळणीच्या टोपलीत बर्फाचे खडे चमकताना दिसले. हात आपोआप झाकणाकडे गेला. मी दोन्ही हात पेटीखाली दाबून त्यांच्यावर बसल्यासारखा बसून राहिलो. शेजारचा प्रवासी म्हणाला, "आत काय आहे हो? मासळी?"

वैभववाडीच्या पुढे फोन आला. डॉक्टर होते. आकडा दहावरून एकदम चारवर आला होता. यंत्र लावलं होतं. "तुम्ही या शांतपणे," ते म्हणाले. शांतपणे! मला त्या गाडीतून उडी मारून धावत सुटावंसं वाटलं, जणू मी गाडीच्या आधी पोचणार होतो. देवाला काय मागावं तेही सुचेना. शेवटी मी एवढंच मागितलं, की जर कोणाचा तरी श्वास घ्यायचाच असेल, तर हा माणूस इथे पेटी घेऊन बसलाय, पेटी पोचल्यावर त्याचा घे.

दिवस मावळताना पोचलो. त्या मुलीने पेटीतलं तापमानाचं यंत्र संगणकाला जोडलं. रेषा चार आणि पाचच्या मध्ये सरळ पडून होती. तिने माझ्याकडे बघून मान डोलावली आणि मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो. पाऊण तासात औषध सुरू झालं. सव्वा दिवस उशिरा.

बायको पंचवीस दिवस यंत्रावर होती. गळ्याला भोक पाडावं लागलं. आत सगळं कळतंय, पण पापणीशिवाय काही हलत नाही, अशी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. मी रोज काचेबाहेर उभा राहायचो आणि ती माझ्याकडे बघायची. पाऊस लागला, मासेमारी बंद झाली, कंपनीत शांतता झाली, आणि ती हळूहळू परत आली. आधी खांदे, मग मान, मग आवाज. अडीच महिन्यांनी घरी आणली. आता वॉकर धरून पडवीपर्यंत जाते. बोटं मात्र परत आली नाहीत. मशीन आम्ही विकून टाकलं, तिच्याच सांगण्यावरून.

डॉक्टरांना मी एकदा सरळ विचारलं. तो सव्वा दिवस वाया गेला नसता, तर बोटं वाचली असती का? यंत्र टळलं असतं का? ते म्हणाले, "टळलंच असतं असं मी म्हणणार नाही. नसतं टळलं असंही म्हणणार नाही." ह्या उत्तरावर माणसाने जगायचं कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. मेव्हणा त्या दिवसापासून माझ्याशी पूर्वीसारखाच वागतो, आणि तेच मला सोसत नाही.

कोणी भेटायला आलं की बायको सगळी हकीगत सांगते. रुळावर दरड आली, मुंबईची गाडी आलीच नाही, मग हे गोव्याला गेले आणि पेटी मांडीवर घेऊन आले, पाच तास हलले नाहीत. "ह्यांच्यामुळे मी आहे," असं ती म्हणते आणि तिची वाकडी बोटं माझ्या हातावर ठेवते. पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी चहा आणायला आत जातो. एकदा एका पाहुण्याने विचारलं, मे महिन्यात दरड कशी हो? मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "कोकणात काही सांगता येत नाय."

तिला कळलं आहे का, हे मला आजही माहीत नाही. म्हणून हे लिहून काढलं. तोंडाने सांगायला तीनदा बसलो आणि तीनदा भलत्याच गोष्टी बोलून उठलो; वाटलं, कागदावर उतरवून तिच्या हातात दिलं की सुटलो. आज शेवटचं पान संपवताना लक्षात आलं की तिला कागद धरता येत नाही. रोज सकाळी पेपरसुद्धा मीच वाचून दाखवतो. हेही मलाच तिच्यासमोर बसून, पहिल्या ओळीपासून, मोठ्याने वाचावं लागेल.